न्हाणीतला झरोका

पेण,
१२ डिसेंबर

प्रिय मितेशराव,

तुम्हाला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. एरवी फोन असतो, आणि फोनवर आपण काय बोलतो तेही ठरून गेलंय. किमयाचा अभ्यास, तुमची शिफ्ट, तुमच्या आई धोंडुबाईंचे गुडघे, इकडे तुमच्या सासूबाईंचा दमा. पाच मिनिटांत बोलणं संपतं आणि दोघांनाही सुटल्यासारखं वाटतं. आज जे सांगायचंय ते फोनवर सांगायला गेलो, तर मध्येच कुठेतरी गाडी वळवीन, हे मला ठाऊक आहे. म्हणून वही फाडून बसलोय. अक्षर वेडंवाकडं आहे ते सांभाळून घ्या. एसटीच्या आगारात मेकॅनिकचं अक्षर कोण बघतं?

आधी घराची बातमी देतो. दसऱ्यानंतर काम काढलं हे तुम्हाला माहीत आहे. वासे वाळवीनं इतके पोखरले होते, की कौलं उतरवताना एक वासा हातातच मोडला. जुन्या भिंतींवर स्लॅब पेलणार नाही असं इंजिनिअरनं सांगितलं, म्हणून लोखंडी सांगाडा उभा करून वर पत्रे घातले आणि खाली पांढरं सपाट छत केलं. लाकडी खिडक्या काढून सरकत्या काचांच्या बसवल्या. शेजारच्या सखाच्या गणपतीच्या कारखान्यात आता वर्षभर काम चालतं. प्लॅस्टरच्या मूर्ती घासल्या की पांढरी पूड उडते ती सरळ आपल्या घरात. ओटीवर वाळत घातलेले पापडसुद्धा पिठात लोळवल्यासारखे होतात. नव्या खिडक्या लावल्या आणि ती धूळ बंद झाली. तुमच्या सासूबाईंनी पहिल्या दिवशी खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवलं, बोट कोरडं निघालं, तेव्हा किती दिवसांनी त्यांच्या तोंडावर बरं वाटलेलं दिसलं.

पण आठच दिवसांत मधल्या खोलीच्या भिंतीला घाम सुटला. कोपऱ्यात काळे डाग आले, कपाट उघडलं की कुबट वास. कौलांच्या फटींतून, वाशांच्या बेचक्यांतून घर इतकी वर्षं आपोआप श्वास घेत होतं, ते आम्हाला कधी कळलंच नव्हतं. आमची इंजिनिअर म्हणजे दिपिका, आगारात माझ्याबरोबर होता त्या जित्याची मुलगी, रोज गाडीनं येते. वय तिचं सव्वीस-सत्तावीस असेल, पण बोलते तोलून मापून. तिनं मधल्या खोलीच्या खिडक्या बंद करायला लावल्या, एक उदबत्ती पेटवली आणि आम्हाला बघत उभं केलं. धूर सरळ वर गेला, छताला लागला आणि तिथेच साचून राहिला. कुठेच हलेना. ती म्हणाली, “काका, तुमची आणि काकूंची हवा रात्रभर अशीच खोलीत थांबते.”

तिचं म्हणणं, घरात हवेचं मशीन बसवायचं. मागच्या बाजूला, खाडीकडच्या भिंतीत, बाहेरची हवा गाळून आत घेणारा एक पंखा. स्वयंपाकघर आणि न्हाणीतून आतली हवा बाहेर टाकणारे दोन पंखे. दिवसरात्र हळूहळू चालत राहायचे. म्हणजे कारखान्याची धूळही नको आणि कुबटपणाही नको. कंत्राटदार हसला. त्याच्या मते न्हाणीत एक साधा एक्झॉस्ट पुष्कळ झाला. “म्हातारी माणसं हाय. दोन दिस मशीन लावतील, मग आवाज होतो म्हणून बटण बंद करतील. वर कापडाचा बोळा कोंबतील,” तो म्हणाला. तुमच्या सासूबाईंना तर यंत्रच नको होतं. “खिडकी उघडी ठेवा, दुसरं काय लागतं माणसाला?” एवढंच त्या म्हणत राहिल्या. आणि लाइट गेली तर काय, हाही प्रश्न होताच. पावसाळ्यात आपल्याकडे लाइटचं काय असतं ते तुम्ही जाणता.

मी पंधरा दिवस काहीच ठरवलं नाही. दिपिका रोज विचारायची, भिंती गिलाव्याला थांबल्या होत्या. सगळ्यांना वाटलं म्हातारा खर्चाला घाबरतोय. मितेशराव, माझं अडलं होतं ते कंत्राटदाराच्या त्या एका वाक्यापाशी. बोळा कोंबतील. एक दिवस मी दिपिकाला विचारलं, मशीन बंद पडलं, किंवा कोणी बंद केलं, तर न्हाणीचं काय? ती म्हणाली, “म्हणून तर गॅसचा गिझर घरात नकोच. पंख्याच्या भरवशावर तो लावायचाच नाही, पंखा असला तरी नाही. पत्र्यावर सोलर लावू. आणि न्हाणीच्या भिंतीत वर एक कायमचं भोक ठेवू, जाळीचं, झाकणच नसलेलं.” मी म्हटलं, तेही कोणी बंद केलं तर? ती माझ्याकडे बघायला लागली. “काका, असं कोण बंद करेल?”

तिला मी उत्तर दिलं नाही. तुम्हाला देतोय.

पाच वर्षांपूर्वीच्या दिवाळीत तुम्ही आमच्याकडे गॅसचा गिझर बसवून दिलात. चुलीवर पाणी तापवताना धुरानं तुमच्या सासूबाईंचा दमा वाढतो, म्हणून. बसवणारा माणूस तुम्ही स्वतः घेऊन आलात, आणि तो गेल्यावर मला न्हाणीत नेऊन वरच्या झरोक्याच्या काचपट्ट्या दाखवल्यात. “मामा, ह्या कायम उघड्या पाहिजेत. थंडी वाजली तरी बंद करू नका.” तुम्ही हे दोनदा सांगितलंत. मी जरा रागावलोच होतो. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही, धूर दिसत नसला तरी माणूस पडतो, हे मी आगारात बत्तीस वर्षं नव्या मुलांना शिकवत आलो, आणि जावई मला शिकवतो!

मग मार्गशीर्षात सखाच्या कारखान्यात घासकाम जोरात सुरू झालं. न्हाणीचा झरोका नेमका तिकडे तोंड करून. बादलीतल्या पाण्यावर पांढरी साय धरायची. तुमच्या सासूबाई रात्रभर खोकायच्या. त्यांनी मला एवढंच म्हटलं होतं, “त्या धुळीचं कायतरी करा.” फळी मारा असं त्यांनी सांगितलं नव्हतं, हे तुम्ही नीट लक्षात घ्या. मी प्लायवूडचा तुकडा कापला, चार स्क्रू मारून झरोका गच्च बंद केला आणि कडेनं पुट्टीही भरली. काम अर्धवट करायची मला सवय नाही.

आम्हा दोघांना काही झालं नाही, कारण आम्ही दार उघडं ठेवून बादली भरायचो, गिझर बंद करायचो आणि मग आंघोळ करायचो. फक्त एकदा तुमच्या सासूबाईंनी लुगडी धुताना आत गिझर चालू ठेवला आणि त्यांना गरगरलं. बाहेर येऊन ओटीवर बसल्या, उलटी झाली. मी म्हटलं, बीपी असेल. गोळी दिली. आगारात एखाद्या मुलाला असं झालं असतं, तर मी धावत जाऊन शेडचं दार उघडलं असतं. घरात मला सुचलं नाही. की सुचलं आणि फळी काढायचा कंटाळा केला, हे आता माझं मलाच सांगता येत नाही.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी शीतल किमयाला घेऊन आली. चार वर्षांची किमया, तिळाचे लाडू वळायला आजीच्या मांडीवर बसलेली. शीतल हातपाय धुवायला न्हाणीत गेली आणि लगेच बाहेर आली. “बाबा, वरचं बंद कशाला केलंय? यांनी सांगितलं होतं ना उघडं ठेवायला?” मी पेपर वाचत होतो. मी मान वर न करता म्हटलं, “धूळ येते गो. सण झाला की काढतो.” ती म्हणाली, “नक्की काढा हां.” माझ्यावर विश्वास ठेवून ती लाडू वळायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं केस धुवायला घेतले. तिचे केस केवढे, तुम्हाला माहीत आहे. दाराला कडी, गिझर चालू, पाणी सारखं वाहतंय. मी ओटीवर होतो. पाण्याचा आवाज येत होता म्हणून कोणाला काही वाटलं नाही. बऱ्याच वेळानं तिच्या आईनं हाक मारली, मग दार वाजवलं, मग मला हाक मारली. मी पहारीनं कडी तोडली. त्यापुढचं तुम्हाला माहीत आहे, तुम्ही रोह्याहून थेट दवाखान्यात आलात तिथपासून. एक गोष्ट मात्र तुम्हाला माहीत नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी मान हलवल्यावर मला तिचं आधार कार्ड आणायला घरी पाठवलं. घरात कोणी नव्हतं, किमयाला शेजारी नेलं होतं. मी कार्ड शोधायच्या आधी स्क्रू ड्रायव्हर शोधला. स्टुलावर चढलो, चारही स्क्रू काढले, फळी काढली, पुट्टी खरवडली, काचपट्ट्या पूर्ण उघड्या केल्या. फळी मागच्या दारानं नेऊन कारखान्याच्या मोडक्या साच्यांच्या ढिगात टाकली. हात धुतले, कार्ड घेतलं आणि परत आलो. माझी मुलगी तिथे पडली होती, आणि माझे हात इतके स्थिर होते, की एक स्क्रूसुद्धा खाली पडला नाही. दुपारी पोलीस पंचनाम्याला आले. हवालदारानं वर बघून विचारलं, “हा झरोका उघडाच होता ना?” मी म्हटलं, “व्हय.”

त्या एका शब्दावर सगळं ठरलं. झरोका उघडा होता, तर मग दोष गिझरचा. आणि गिझर तुम्ही आणलेला. लोक काय काय बोलले ते तुमच्या कानावर आलंच असेल. स्वस्तातला आणला, बसवणारा नीट बघितला नाही, जावयाच्या हौसेनं मुलगी गेली. दहाव्याला, सगळ्यांच्या देखत, तुम्ही माझे पाय धरलेत. “मामा, मी आणला हो तो. मीच आणला.” मी तुमच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “नशिबात होतं, तुमचा काय दोष?” आजूबाजूच्या बायका रडल्या. सासरा किती मोठ्या मनाचा, असं म्हणाले लोक. माझं पाप मी तुमच्या माथ्यावर ठेवलं आणि वर तुम्हाला माफ केलं. असा मी माणूस.

तुमच्या सासूबाईंनाही हे माहीत होतं. ज्या घरात राहतो, तिथली फळी दिसणार नाही का? दवाखान्यातून आल्यावर त्या न्हाणीत गेल्या, वर बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बाहेर आल्या. त्या दिवसापासून पाच वर्षं आम्ही ह्यावर अवाक्षर बोललो नाही. एका ताटाला एक ताट लावून जेवलो, पण बोललो नाही. त्यांना वाटायचं, आपण खोकलो म्हणून हे झालं. हे मला परवापरवा कळलं. मी माझ्या भीतीत इतका गुंतलेलो, की ती बाई काय उरावर घेऊन बसलीय, हे कधी विचारलंच नाही.

गेल्या बुधवारी आमचा गवंडी जनू न्हाणीचा जुना गिलावा काढत होता. झरोक्याच्या चार कोपऱ्यांवर त्याला स्क्रूसाठी भिंतीत ठोकलेल्या लाकडी गुट्ट्या लागल्या. त्यानं विचारलं, “काका, हितं काय मारलेलं व्हतं?” मी म्हणालो, आठवत नाय बाबा, जुनं काहीतरी असेल. इतक्या वर्षांनीही तोंडातून पहिलं खोटंच निघालं. तेव्हा मागून दारातून आवाज आला. तुमच्या सासूबाई उभ्या होत्या, पदर खोचलेला. “फळी व्हती तिथं,” त्या जनूला म्हणाल्या. “यांनी मारलेली. माझी शीतल गेली तवा व्हती.” जनूच्या हातातली छिन्नी तशीच राहिली. दिपिकाही तिथेच होती. जनू हळूच उतरला आणि बाहेर जाऊन विडी ओढत बसला.

त्या दुपारी आम्ही नवराबायको मधल्या खोलीत सिमेंटच्या गोण्यांवर बसलो आणि पाच वर्षांत पहिल्यांदा रडलो. मी त्यांना म्हटलं, मला क्षमा कर. त्या म्हणाल्या, “माज्याकडं काय मागता? ज्याची बायको गेली, त्याला सांगा रोह्याला. तो रोज मरतोय.”

घराचं काय ठरलं तेही सांगतो, कारण कामाला आता सुरुवात झाली आहे. मशीन बसवतोय. हवा घेणारं आणि सोडणारं, दोन्ही. खोलीतून बंद करायचं बटण ठेवलेलं नाही, जे आहे ते बाहेर मीटरच्या पेटीत. दिपिकानं विचारलं, एवढं कशाला? मी म्हटलं, इथं राहणाऱ्या माणसाला मी चांगला ओळखतो. मशीनच्या जाळीतली पूड महिन्यातून एकदा झटकायचं काम जनूच्या बायकोला दिलंय. न्हाणीत वरचं भोक मोठं ठेवलंय, वीतभर उंच आणि दोन हात लांब, त्याला ना काच ना झाकण. थोडी धूळ येईल. येऊ दे. गिझरच्या जागी आता नुसता सोलरचा नळ आहे. खोकल्याला औषध असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. आणि सखाकडेही गेलो. त्याला काहीच न लपवता सांगितलं आणि विनंती केली, की घासकामाची शेड पलीकडच्या अंगाला ने. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “तेव्हाच येऊन सांगितलं असतंस कृष्णा, तर मी तेव्हाच हलवली असती.” हे ऐकून मी घरी कसा आलो ते माझं मला माहीत. एक साधं सांगणं होतं, शेजाऱ्याला जाऊन. ते संकोचानं केलं नाही आणि फळी कापली.

परवा पोलीस ठाण्यातही गेलो होतो. त्या दिवशी दिलेला जबाब खोटा होता, असं लिहून सही करून दिलं. तिथल्या साहेबांनी अर्ज ठेवून घेतला, चौकशीला बोलावू म्हणाले. जे व्हायचं ते होऊ दे. तुम्हाला बोलावलं, तर मनात काही न ठेवता जे असेल ते सांगा.

आता हे पत्र आजच का लिहिलं, ते. तुमच्या सासूबाई बोलल्या म्हणून लिहिलं असं तुम्हाला वाटेल, आणि मलाही तसंच वाटून घ्यायला आवडलं असतं. पण त्याआधी, भाऊबीजेनंतर मी रोह्याला आलो होतो, तेव्हाच हे लिहायला हवं होतं. तुमच्या घरी मी बघितलं, न्हाणीच्या दाराला कडी नाही. किमया आंघोळीला गेली की तुम्ही बाहेर पाटावर बसता, आणि दर मिनिटाला हाक मारता, “किमू?” आणि आतून ती म्हणते, “हाय बाबा.” नऊ वर्षांची पोर कंटाळत नाही, चिडत नाही, दर वेळी म्हणते. तिला ठाऊक आहे तुम्हाला ते ऐकावं लागतं. संध्याकाळी ती मला कुंडलिकेच्या काठानं फिरायला घेऊन गेली. चालता चालता तिनं विचारलं, “आजोबा, बाबांमुळे आई मेली का? शाळेत एक मुलगी बोलली. मी बाबांना नाय विचारलं, त्यांना वाईट वाटेल.” मी तिचा हात धरलेला होता. मी म्हणालो, चल, गार वारा सुटलाय, घरी जाऊ. मितेशराव, तिला मी उत्तर दिलं नाही. महिना झाला, ती तोच प्रश्न पोटात घेऊन तुमच्यासमोर जेवतेय. तुमची क्षमा मागायला हे पत्र नाही, ती मागायची माझी लायकी नाही. येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं मी रोह्याला येतो. तुम्हाला घरात घ्यावंसं वाटलं नाही तर मी स्टेशनवरच्या बाकावर बसेन, पण किमयाला घटकाभर माझ्याकडे पाठवा. तुम्हीही शेजारी बसा. तिच्या आईनं मला काय विचारलं होतं, मी काय सांगितलं होतं आणि नंतर काय केलं, हे तिला माझ्या तोंडून ऐकू दे. नंतर ती मला आजोबा म्हणाली नाही तरी चालेल. तुम्हाला तिनं बाबा म्हणताना मात्र तिच्या मनात काही राहायला नको.

तुमचाच,
कृष्णा